विदुलाच्या नावावर

"आधी सह्या, मग ओवाळणं," मी म्हणाले, आणि जयवंतासाठी मांडलेला पाट पायानेच मागे सारला.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरात दिवाळीच्या पाडव्याची सकाळ अशीच उजाडत असे. दिवाणखान्यातल्या गोल मेजावर डीमॅट खात्यांच्या स्लिपांची पुस्तकं मांडलेली असत. दिसायला चेकबुकासारखीच, फक्त त्यांनी पैशांऐवजी शेअर एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात. प्रत्येकाने आपल्या पुस्तकातल्या दहा कोऱ्या स्लिपांवर सही करायची आणि पुस्तक माझ्या हाती द्यायचं. वर्षभर ती माझ्या कपाटात कुलपात राहत. काय घ्यायचं, काय विकायचं आणि कधी, हे मी ठरवत असे. उरलेला मजकूर आमचे दलाल रसिकभाई भरत. 'हे' गेले त्या वर्षी मी ही रीत घातली, तेव्हा स्लिपांऐवजी कागदी ट्रान्सफर-फॉर्म असत, आणि २००७ सालच्या त्या पाडव्यापर्यंत ती एकदाही मोडली नव्हती.

"माई, दहाच्या जागी वीस केल्या तर मला दुप्पट ओवाळणी घालावी लागेल का?" जयवंताने विचारलं. तो माझा थोरला. पंपांची एजन्सी चालवायचा आणि घरात सगळ्यांत मोठ्याने बोलायचा.

"तू दहा नीट कर. गेल्या वेळी तुझी सही जुळली नाही म्हणून रसिकभाईंना दोन हेलपाटे पडले."

धाकट्या श्रीरंगाचं पुस्तक नव्हतं. तो ज्या कारखान्यात नोकरीला होता तिथे शेअरच्या प्रत्येक व्यवहाराला परवानगी मागावी लागे. म्हणून त्याचा वाटा मी त्याच्या बायकोच्या, विदुलाच्या नावावर ठेवला होता. विदुला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. तिने खाली मान घालून दहा सह्या केल्या, प्रत्येक सही आधीच्या सहीसारखी हुबेहूब, आणि पुस्तक दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. आमच्या घरात आईलाही अहोजाहो करतात. पण विदुलाचं अहोजाहो तिच्या हातांतही होतं.

ह्यांनी मागे फक्त सिमेंटचे शेअर ठेवले होते. त्यांचे पाच प्रकार मी केले. सगळी अंडी एका टोपलीत ठेवू नका असं तेव्हा प्रत्येक वर्तमानपत्र सांगायचं. मी ते वर्तमानपत्रांच्या वीस वर्षं आधी केलं होतं. जयवंताच्या नावावर एका मोठ्या बँकेचे शेअर होते. मुंबईला दिलेल्या माझ्या कुंदाच्या नावावर एका साबणाच्या कंपनीचे. माझ्या नावावर सिमेंट आणि औषधं. आणि विदुलाच्या नावावर महामार्ग बांधणाऱ्या एका नव्या कंपनीचे, ज्यांना घरात आम्ही नुसतं 'रस्ते' म्हणायचो. तीन वर्षांत 'रस्ते' सहापट झाले होते आणि तो निर्णय माझा होता.

त्या पाडव्याला मी विदुलाला आणखी एक काम सांगितलं होतं. बाजार इतका चढला होता की रसिकभाईसुद्धा फोनवर 'माई, सांभाळून' म्हणायला लागले होते. मला आमच्या घराचा धोका आकड्यात हवा होता. शिकलेली सून घरात असताना बाहेरच्याला कशाला विचारायचं?

"झालं का तुझं गणित?"

विदुलाने पर्समधून एक टंकलेला कागद काढला. "पाच वर्षांचे महिन्यामहिन्याचे भाव घेतले, माई. सगळे शेअर एकत्र धरले तर शंभरातल्या पंच्याण्णव महिन्यांत घराचा तोटा साडेसात टक्क्यांच्या पुढे जाणार नाही."

"ऐकलंत?" मी सगळ्यांकडे पाहिलं. "साडेसात!"

"उरलेल्या पाच महिन्यांबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही," विदुला म्हणाली. "ते महिने किती वाईट असतील, ते ह्यात नाही."

"शंभरात पाच. म्हणजे मी जिवंत असेपर्यंत येणारही नाहीत."

"अशुभ काय बोलता!" जयवंत म्हणाला. "पण विदुला, एक सांग. एकेका शेअरचा आकडा ह्याहून मोठा असेल ना? मग एकत्र केल्यावर कमी कसा होतो?"

विदुलाला कुणी काही समजावून सांग म्हटलं की तिचा चेहरा उजळत असे. "सगळे एकाच दिवशी एकाच दिशेने जात नाहीत, दादा. रस्ते पडतात तेव्हा साबण पडेलच असं नाही. लोक आंघोळ करायचं थांबवत नाहीत. एकाचं पडणं दुसरा सावरतो. घराचा धोका म्हणून कमी."

"हेच मी वीस वर्षं सांगतेय," मी म्हणाले.

"माई, आणखी एक कागद आहे." तिने दुसरी घडी काढली. "हेच, पण नावानिशी. ज्याच्या नावावर जे आहे, त्याचा धोका."

मी हात पुढे केला नाही. "नावं इन्कम टॅक्सच्या सोयीसाठी आहेत. हे घर एक आहे. तू एका घरात राहतेस ना?"

ती घडी पुन्हा पर्समध्ये गेली. कुणाच्याही ते लक्षात राहिलं नसेल, कारण त्याच वेळी श्रीरंग उठून उभा राहिला. माझा हा मुलगा बोलण्यापूर्वी उभा राहतो, शाळेपासूनची सवय.

"माई, तेच सांगायचं होतं. आम्ही वाघोडिया रोडला फ्लॅट बघितलाय. बाना दिलाय."

इसाराला बडोद्यात बाना म्हणतात.

"बाना दिलास? मला न विचारता?"

"दोन खोल्यांचाच आहे. उरलेली रक्कम एकतीस जानेवारीला, नोंदणीच्या दिवशी द्यायची. तोवर दिली नाही तर बाना जप्त आणि फ्लॅट दुसऱ्याला. विदुलाच्या नावावरचे रस्ते विकले तर रक्कम बरोबर बसते. लग्नात तुम्ही चारचौघांत म्हणाला होतात, विदुलाच्या नावावर जे असेल तो तिचा वाटा."

"ह्या घरात काय कमी आहे?"

उत्तर विदुलाने दिलं, माझ्याकडे न बघता. "टेबल, माई. मला पेपर तपासायला सगळ्यांची जेवणं आटपेपर्यंत थांबावं लागतं. सोळा वर्षं झाली."

जेवणाचं मेज बारा माणसांचं आहे. सागवानी आहे. ते ह्यांनी खास बनवून घेतलं होतं. मला त्या वाक्याचा राग आला, आणि राग आला की मी अधिक सौम्य बोलते.

"घ्या फ्लॅट," मी म्हणाले. "मी नाही म्हणाले का? पण भाव अजून चढतोय. आत्ता विकणं शुद्ध वेडेपणा. आता पुढे धनुर्मास येईल, त्यात असले व्यवहार मी करत नाही. संक्रांत होऊ दे. मग विकू."

स्लिपांचं पुस्तक माझ्या मांडीवर होतं. विदुलाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि "बरं, माई" म्हणाली.

*

संक्रांत झाली. बडोद्याचं आकाश दोन दिवस पतंगांनी भरलं आणि रिकामं झालं. सोळा जानेवारीला, बुधवारी, विदुला कॉलेजला जाण्याच्या साडीत माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"माई, आज रसिकभाईंना फोन करायचा होता."

"कशाला?"

"रस्ते. एकतीस तारखेला पंधरा दिवस राहिले. पैसे हातात यायला दोन-तीन दिवस लागतात."

मी वर्तमानपत्राची घडी घातली. मला आठवतं, त्या दिवशी 'रस्ते' किंचित खाली होते. पाडव्यापासून पंधरा टक्के चढून दोन टक्के उतरले होते.

"उतरत्या भावात विकतात का कुणी? चार दिवस थांब. सोमवारी विकू."

"माई, मला भाव वाढायला नको आहे. जेवढा आहे तेवढा पुरतो."

"तुला पुरतो. घराला पुरवायला नको?"

तिने पदर सारखा केला. खरं तर तिथे काही विसकटलेलं नव्हतं. "सोमवारी नक्की ना?"

"मी कधी शब्द फिरवलाय?"

"नाही, माई."

ती गेली. त्या चार दिवसांत मी रसिकभाईंना तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा औषधांच्या भावाबद्दल बोलले. 'रस्ते' हा शब्द काढला नाही. बागेतल्या पारिजातकाखाली विदुलाची मुलगी दहावीचा अभ्यास करत बसायची. ती सगळी निघून गेल्यावर मागच्या दोन खोल्यांत कोण राहील, हा विचार मी करत होते, असं आज म्हणता येईल. तेव्हा मी त्याला बाजाराचा अभ्यास म्हणत होते.

*

तो सोमवार एकवीस जानेवारीचा. त्या दिवशी काय झालं ते ज्यांचा एक शेअरही नव्हता त्यांनाही आठवत असेल. साडेदहा वाजता मी रसिकभाईंना फोन केला, तेव्हा मागे इतका गलका होता की ते स्वतः ओरडून बोलत होते.

"माई, रस्त्यांना घेणाराच नाही! लोअर सर्किट लागलंय!"

एका दिवसात शेअरला ठरावीक टक्क्यांच्या खाली पडू देत नाहीत. त्या पायरीवर आला की तिथेच थांबतो. विकणारे रांगेत उभे असतात आणि समोर घेणारा एकही नसतो. 'रस्ते' सोमवारी वीस टक्के पडून थांबले. मंगळवारी सकाळी बाजार उघडला आणि काही मिनिटांतच सगळा बंद करावा लागला. पुन्हा उघडला तेव्हा 'रस्ते' आणखी वीस टक्के खाली जाऊन थांबले होते. कंपनीच्या मालकांनी आपलेच शेअर गहाण टाकले होते, आणि ज्यांच्याकडे टाकले ते मिळेल त्या भावाला ते विकत सुटले होते. हे आम्हांला टीव्हीवरून कळलं.

मंगळवारी दुपारी सगळे दिवाणखान्यात होते. श्रीरंग अर्धी रजा टाकून आला होता; विदुलाला सुट्टी होती. जयवंताने कागदावर आकडेमोड केली आणि सुस्कारा सोडला.

"घराचे अकरा टक्के गेले. साबण जेमतेम हलला, औषधं टिकली, बँक थोडी पडलीय. बाहेर लोकांचे निम्मे गेलेत. माई, तुमच्यामुळे आपण वाचलो."

"आपण म्हणजे कोण, दादा?" श्रीरंग म्हणाला. ह्या वेळी तो उभा राहिला नव्हता.

"म्हणजे काय? आपण. घर."

"विदुला, तो कागद दे."

"राहू दे," विदुला म्हणाली.

"दे म्हणतो ना!"

श्रीरंगाने आवाज चढवलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. विदुलाने पर्स उघडली. अडीच महिने तो कागद तिच्या पर्समध्येच होता; घड्यांवर तो झिजला होता. श्रीरंगाने तो मेजावर माझ्यापुढे पसरला आणि मी चष्मा लावला.

चार नावं होती. प्रत्येकापुढे, वाईट महिन्यात किती जाऊ शकेल तो आकडा. माई, नऊ टक्के. कुंदाताई, आठ. जयवंतदादा, अकरा. विदुला, चौतीस. खाली बारीक अक्षरांत हाताने लिहिलं होतं: 'प्रत्येकाच्या नावावर पाचही कंपन्यांचे थोडेथोडे शेअर ठेवले, तर घराचा धोका आहे तेवढाच राहतो. मात्र कुणाही एकाचा धोका घराच्या धोक्यापेक्षा जास्त राहत नाही. खर्च फक्त दलालीचा आणि कराचा.'

मी ते दोनदा वाचलं.

"हे तू मला त्याच दिवशी का दाखवलं नाहीस?" मी विचारलं.

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं.

"ठीक आहे," मी म्हणाले. "घर एक आहे, तर घर भरून देईल. जयवंता, तुझी बँक फारशी पडलेली नाही. त्यातले विकू आणि फ्लॅटचे पैसे देऊ. रस्ते वर आले की तुला परत."

जयवंताने कागदावरचं पेन उचलून खिशाला लावलं. "माई, ते माझ्या नावावर आहेत."

"नावं टॅक्सच्या सोयीसाठी आहेत."

"हो, पण टॅक्स मी भरतो ना! नाव टॅक्सपुरतं आणि टॅक्स खरा, हे कसं? माझ्या केदारची अमेरिकेतल्या कॉलेजची फी ऑगस्टमध्ये आहे. मी त्यावर विसंबून आहे. उद्या रस्ते आणखी पडले तर मी कुणाकडे बघू? विदुला, तू राग मानू नकोस, पण मी तेव्हाच माईंना..." आणि तो थांबला.

"तेव्हाच काय, दादा?" श्रीरंगाने विचारलं.

"काही नाही. बाजार आहे. होतं असं."

विदुला उठली. तिने कागदाची त्याच घड्यांवर घडी घातली. "माई, चहा ठेवते," ती म्हणाली.

*

बुधवारी सकाळी मी कपाट उघडलं, जयवंताचं पुस्तक आणि माझं पुस्तक बटव्यात घातलं आणि रिक्षा मागवली. रसिकभाईंच्या कचेरीत मी त्याआधी कधी गेले नव्हते. तीस वर्षं तेच आमच्याकडे येत, खुर्चीच्या कडेवर बसत आणि अर्धा कप चहा घेत.

कचेरी एका जिन्याखाली होती. सात-आठ माणसं बाकावर बसली होती, सगळ्यांचे डोळे पडद्यावर. मला पाहताच रसिकभाई उठले आणि एका तरुणाला बाकावरून उठवलं.

"माई, तमे अहीं? तुम्ही इथे? मला बोलवायचं ना!"

"रस्ते?"

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. तिसऱ्या दिवशीही तेच. विकणाऱ्यांच्या रकान्यात भली मोठी संख्या, घेणाऱ्यांच्या रकान्यात शून्य. पाडव्याला जेवढा होता त्याच्या जवळजवळ निम्म्यावर भाव येऊन टांगला होता, आणि त्या निम्म्यालाही गिऱ्हाईक नव्हतं.

मी जयवंताचं पुस्तक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "बँक विकायची आहे. फ्लॅटची रक्कम होईल इतकी."

रसिकभाईंनी पुस्तक उघडलं. दहाही स्लिपांवर जयवंताची सही होती, ह्या वेळी नीट. त्यांनी ती बघितली, पुस्तक मिटलं आणि त्यावर हात ठेवून बसले.

"जयवंतभाईंना विचारलंय?"

"रसिकभाई, तीस वर्षांत हा प्रश्न तुम्ही मला कधी विचारला नाहीत."

"नाही विचारला. चुकलं माझं." ते हळू बोलत होते, बाकावरचे लोक ऐकत होते. "माई, एक आठवण सांगतो, मनाला लावून घेऊ नका. रस्ते घेतले तेव्हा मी कागद पहिल्यांदा जयवंतभाईंच्या नावावर तयार केला होता. त्यांनी फोन करून माझा कान फाडला. म्हणाले, असली जुगारी कंपनी माझ्या नावावर चालणार नाही, मी माईंशी भांडेन. मग मी तुम्हांला विचारलं, कोणाच्या नावावर घालू? तुम्ही श्वाससुद्धा घेतला नाही. म्हणालात, विदुला. त्या आठवड्यात विदुलाबेन इथे कागदावर सही करायला आल्या होत्या. ह्याच बाकावर बसल्या. जयवंतभाईंचं नाव खोडलेलं त्यांनी बघितलं. काही बोलल्या नाहीत."

पडद्यावरचे आकडे लाल होत राहिले. मी त्यांच्या हाताखालून जयवंताचं पुस्तक काढून घेतलं आणि माझं ठेवलं.

"सिमेंट आणि औषधं. सगळी."

"सगळी? माई, आज? सारी दुनिया विकतेय त्या दिवशी? दोन महिने थांबलात तर दीडपट येतील. हे तर तुमचं म्हातारपण आहे!"

"एकतीस तारीख दोन महिने थांबणार आहे का?"

"अर्धी विका. बाकीचं मी कुठूनतरी..."

"रसिकभाई, स्लिप भरा."

त्यांनी भरली. भरताना दोनदा त्यांनी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. बाकावरचा कुणीतरी म्हणाला, "बा पण गभराया," म्हातारीही घाबरली. मी त्याच्याकडे वळून पाहिलं. तो पायांकडे बघायला लागला. पण त्याचं चुकलं नव्हतं.

*

पैसे बँकेत जमा व्हायला प्रजासत्ताक दिन आणि रविवार आडवे आले. मंगळवारी, एकोणतीस तारखेला, चेक लिहून मी विदुलाच्या कॉलेजात गेले. घरी देता आला असता. घरी दिला असता तर तो दिवाणखान्यात दिला गेला असता, सगळ्यांसमोर, आणि तिने दोन्ही हातांनी घेतला असता.

संख्याशास्त्र विभाग दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना मला दोनदा थांबावं लागलं. एका वर्गाच्या दारातून तिचा आवाज येत होता, आणि तो मी ओळखला नाही. मोठा, मोकळा, मध्येच हसणारा. "अरे, सरासरी चार फूट खोल नदीत माणूस बुडत नाही असं तुला कुणी सांगितलं? जिथे दहा फूट आहे तिथे उभा राहून दाखव!" मुलं हसली. सोळा वर्षांत माझ्या घरात हा आवाज मी ऐकला नव्हता.

तास संपल्यावर ती बाहेर आली आणि मला बघून थबकली. "माई! कुणाला काही झालं का?"

"नाही. बसायला जागा आहे?"

तिने मला एका खोलीत नेलं. तिथे तिचं टेबल होतं: लहान, लोखंडी, एका कोपऱ्याचा रंग उडालेलं. त्यावर पेपरांचे दोन गठ्ठे सरळ रेषेत ठेवले होते. मी चेक त्यांच्या मध्ये ठेवला.

तिने रक्कम वाचली. बोटांना खडू होता, म्हणून तिने हात लावला नाही. "दादांनी दिले?"

"नाही. माझे आहेत."

"सिमेंट?"

"आणि औषधं."

तिने मनात काहीतरी हिशेब केला. मी तिच्या डोळ्यांत तो पाहिला. बुधवारचा भाव तिला ठाऊक होता. मग तिने खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली. घरी ती माझ्यासमोर बसत नसे.

"माई, एक विचारू?"

"विचार."

"त्या वेळी दादांचं नाव खोडलं, तेव्हा तुम्ही माझंच नाव का घेतलंत?"

माझ्याकडे उत्तरं होती. तुझं वय कमी, तुला थांबायला वेळ होता. तुला पगार आहे. तुमचा टॅक्स कमी. जास्त धोका, तसा नफाही जास्त, तो तुलाच मिळावा म्हणून. ह्यांतलं एकही खोटं ठरलं नसतं. कोणत्याही दलालाने मान डोलावली असती. मी त्या लोखंडी टेबलाकडे बघत राहिले. मला एकाहत्तरावं वर्ष चालू होतं, आणि कुणापुढे मान खाली घालण्याची मला सवय नव्हती.

"कारण तू काही बोलणार नव्हतीस," मी म्हणाले.

बाहेर मुलं जिना उतरत होती.

"ते मला माहीत होतं, माई," विदुला म्हणाली. "तुम्हांला माहीत आहे का, एवढंच कळत नव्हतं."

तिने रुमालाने एकेक बोट पुसलं, चेक उचलला आणि टेबलाच्या खणात ठेवला. आभार मानले नाहीत, आणि वाकून नमस्कारही केला नाही. मी उठायला लागले तेव्हा तिने हाताने मला थांबवलं.

"आता तुमच्या नावावर काय राहिलं?"

मी पदर सारखा केला.

"माई, मी विचारतेय. ठेवी किती आहेत? पेन्शन किती येतं? औषधांना महिन्याला किती लागतात? उद्या पडलात, हॉस्पिटलात न्यावं लागलं, तर काय आहे?"

मला सांगायचं नव्हतं. सांगितलं तर ती चेक परत देईल, हे मला दिसत होतं. आणि नाही सांगितलं तर सगळं आहे तसंच सुरळीत पार पडणार होतं. मी खिडकीबाहेर बघत गप्प राहिले. गप्प बसणं इतकं सोपं असतं आणि त्याला इतकं बळ लागतं, हे मला त्या खुर्चीत पहिल्यांदा कळलं.

विदुलाने पेपरांचा गठ्ठा बाजूला सारला, एक कोरा कागद पुढे ओढला आणि वर माझं नाव लिहिलं. मग वर्गातल्या त्या मोठ्या आवाजात म्हणाली,

"बोला, माई. तुम्ही गप्प बसलात तर मला मोजता येत नाही."